संत तेरेजा : पित्याची लेक



ज्युबिलीच्या अंकात धर्मगुरूने चार शब्द लिहावेत असा रिवाज आहे, आणि ते चार शब्द बहुधा देणगीदारांचे आभार मानण्यातच खर्ची पडतात. ह्या खेपेस आभाराचे काम आमच्या कमिटीने आपल्याकडे घेतल्यामुळे मला मोकळीक मिळाली आहे. तिचा उपयोग करून मी आपणापुढे एका संतिणीचे चरित्र ठेवू इच्छितो. तिची तसबीर आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आल्तारावर असेल: अंगावर तपकिरी मठवस्त्र, खांद्यावर पांढरा झगा, हातांत क्रूस आणि त्यावर गुलाबाची फुले. तसबीर गोड आहे, आणि तसबिरीच्या गोडपणामुळेच तिच्या चरित्रातील कठीण भाग आपल्या नजरेआड होतो, असे मला नेहमी वाटत आले आहे.

हेच चरित्र का निवडले, ते सांगतो. प्रभूने शिकविलेली आमच्या बापाची प्रार्थना आपण दिवसातून अनेक वेळा म्हणतो. रोझरीत म्हणतो, मिस्सात म्हणतो, मयताच्या घरी म्हणतो. पण देवाला बाप म्हणणे वेगळे आणि त्याच्याशी बापासारखे वागणे वेगळे. पापनिवेदनाच्या पेटीतील गोष्ट पेटीतच राहते. परंतु पेटीबाहेर, ओट्यावर आणि आजाऱ्याच्या उशाशी जे मी इतकी वर्षे ऐकतो, ते सांगण्यास हरकत नाही. पोर तापाने फणफणले, पीक बुडाले, तरणा मुलगा गेला, की पहिला प्रश्न येतो तो हा, की देवाने कोणत्या पापाची ही शिक्षा दिली? जणू स्वर्गात फौजदार बसला आहे आणि त्याच्या वहीत आपले नाव लिहिलेले आहे! आपल्या घरांतून मूल बापाला भिते आणि मागणे मागायचे ते आईच्या पदराआडून मागते. त्याच रीतीने कित्येक भाविक पवित्र मरियेचा पदर धरतात तो तिच्या पुत्राकडे व त्याच्या पित्याकडे जाण्यासाठी नव्हे, तर त्या पित्यापासून लपण्यासाठी. मरियामातेला हे आवडत असेल असे मला वाटत नाही.

ही भीती काही आपल्याच गावची नाही. ज्या फ्रान्स देशात तेरेजा जन्मली, तेथे ती दोनशे वर्षे मुरलेली होती. १६३८ साली मरण पावलेल्या यान्सेन नावाच्या बिशपाच्या ग्रंथातून निघालेली कडक शिकवण रोमने १६५३ मध्येच निषिद्ध ठरविली होती. परंतु शिकवण गेली तरी तिचा कडवटपणा प्रवचनांतून व मठांतून उरला. देव म्हणजे कठोर न्यायाधीश, ख्रिस्तशरीर म्हणजे अत्यंत लायक माणसालाच क्वचित मिळावयाचे बक्षीस, अशी समजूत सर्वत्र होती. मठातील भगिनींनासुद्धा रोज ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची मुभा नसे. ती मोकळीक परमगुरू दहावे पायस ह्यांनी १९०५ च्या आज्ञापत्राने दिली. तेव्हा तेरेजेला जाऊन आठ वर्षे झाली होती.

तेरेजा मार्टिन हिचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी नॉर्मंडी प्रांतातील आलाँसाँ ह्या गावी झाला. तिचा पिता लुई मार्टिन घड्याळे करणारा कारागीर होता, आणि आई झेली आलाँसाँची सुप्रसिद्ध लेस विणून घेण्याचा धंदा चालवी. दोघांनीही तरुणपणी मठाचा दरवाजा ठोठावला होता आणि दोघेही परत पाठविले गेले होते; लुईला तर लॅटिन येत नाही म्हणून आल्प्स पर्वतावरील सेंट बर्नार्डच्या मठाने नाकारले. १८५८ साली त्यांचे लग्न झाले. नऊ अपत्ये झाली, त्यांपैकी चार लहानपणीच वारली. उरल्या पाच मुली: मारी, पोलीन, लेओनी, सेलीन आणि शेंडेफळ तेरेजा. आईच्या छातीत रोग होता, अंगावर दूध नव्हते, म्हणून तान्ह्या तेरेजेला वर्षभर खेड्यातील एका दाईकडे ठेवावे लागले. १८७७ च्या ऑगस्टमध्ये त्याच रोगाने आई गेली. तेरेजा साडेचार वर्षांची होती.

पुढे त्या वर्षीच्या नोव्हेंबरात लुई मार्टिन आपल्या पाच पोरींना घेऊन लिझ्यू येथे राहावयास आला, कारण तेथे मुलींचे मामा होते. ले ब्युइसोने नावाच्या त्या घरात तेरेजेने जी अकरा वर्षे काढली, तिथेच तिचे धर्मशिक्षण झाले. पोलीनकडून ती धडे शिकली हे खरे. परंतु तिचे खरे पुस्तक म्हणजे तिचा बाप. तो तिला आपली छोटी राणी म्हणे. दुपारी तिचा हात धरून फिरावयास नेई, आणि प्रत्येक फेरीत कोणत्या ना कोणत्या देवळात साक्रामेंताला नमस्कार करून मगच पुढे जाई. अशाच एका फेरीत तिने कार्मेल मठाचे देऊळ प्रथम पाहिले. रस्त्यात भिकारी भेटला की नाणे तिच्या हातून देववी. तो नदीवर मासे धरावयास बसला, म्हणजे ती जवळच गवतात बसे, आणि तिचे मन आपोआप देवाकडे लागे. त्याला तिने ध्यान हे नाव दिले नव्हते, कारण ध्यान म्हणजे काय हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. रात्रीच्या प्रार्थनेत ती बापाच्या शेजारी गुडघे टेकी. संत प्रार्थना कशी करतात हे समजण्यासाठी त्याच्या तोंडाकडे पाहणे पुरेसे होते, असे तिने पुढे लिहून ठेविले. रविवारी प्रवचन चालू असताना तिचे डोळे उपदेशकापेक्षा बापाच्या चेहऱ्यावरच अधिक असत. मी स्वतः उपदेशक असूनही ह्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आमच्या देवळातील बापांनी मात्र तिचे हे वाक्य ध्यानात ठेवावे. प्रवचन चालू असता दरवाज्याबाहेर उभ्या राहणाऱ्यांनी तर विशेष.

आता कोणी म्हणेल की, असा देवमाणूस बाप लाभला, मग देवाला बाप समजणे तिला काय जड? ज्याचा बाप दारू पिऊन येतो, ज्याने बापाचे तोंडच पाहिले नाही, त्याने काय करावे? हा प्रश्न रास्त आहे, आणि तो मनात धरूनच पुढील हकीकत वाचावी.

पहिली गोष्ट ही, की चांगला बाप असूनही देवाच्या भीतीने तेरेजेला गाठलेच. आईमागून आईच्या जागी मानलेली पोलीन १८८२ मध्ये कार्मेल मठात गेली. त्या धक्क्याने पोर इतकी आजारी पडली की तिची आशा सुटली. १३ मे १८८३ रोजी पवित्र मरियेच्या मूर्तीने तिच्याकडे पाहून स्मित केले, आणि ती बरी झाली. १८८४ च्या मे महिन्यात तिला पहिले ख्रिस्तशरीर मिळाले, आणि तिच्या आनंदाला सीमा राहिली नाही. पण पुढच्याच वर्षी शाळेतील मौनसाधनेत धर्मगुरूंनी पापावर व मरणावर अशी भयंकर प्रवचने केली की तिच्या मनाला पापशंकेचा रोग जडला. साधा विचार मनात आला तरी तो पाप आहे की काय, ह्या काळजीने ती रडे. दीड वर्षाच्या आसपास हे दुखणे चालले. रोज ती मारीजवळ सर्व सांगून मोकळी होई. १८८६ मध्ये मारीही मठात गेली, तेव्हा ह्या मुलीने स्वर्गात गेलेल्या आपल्या चार भावंडांना हाक मारली, आणि तिच्या मनाला शांती मिळाली. मला ही गोष्ट फार आवडते. तिला स्वर्ग म्हणजे कचेरी वाटली नाही. स्वतःचेच घर वाटले, जेथे आपली माणसे आधीच पोहोचली आहेत.

दुसरी गोष्ट १८८६ च्या नाताळची. फ्रान्समध्ये नाताळच्या रात्री मुलांचे जोडे चुलीजवळ ठेवून त्यांत भेटी घालण्याची चाल होती. तेरेजा चौदाव्या वर्षाला टेकली होती, तरी तिचे हे लाड चालूच होते. मध्यरात्रीच्या मिस्साहून परतल्यावर थकलेला बाप ते जोडे पाहून जरा वैतागला, आणि हे बालपणाचे खेळ यंदा संपतील तर बरे, अशा अर्थाचे बोलला. ती जिन्यावर होती. तिने ते ऐकले. एरवी ह्यापेक्षा लहान कारणाने ती तासभर रडत असे. त्या रात्री तिने डोळे पुसले, हसत खाली आली आणि एकेक भेट काढून बापाला असे दाखवू लागली की त्याचाही वैताग पळाला. ह्या प्रसंगाला ती आपले मनपरिवर्तन म्हणे. बाहेरून पाहता काय घडले? एक मुलगी रडली नाही, इतकेच. परंतु तोवर बापाकडून घेणारी ती त्या रात्री बापाला देणारी झाली. पुढे तिने बालकासारखे होण्याची जी वाट शिकविली, तिचा अर्थ बालिश होणे असा ज्यांनी लावला, त्यांनी हा जिना नीट पाहिला नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात तिचे हृदय किती मोठे झाले होते ते दिसून आले. प्रांझिनी नावाच्या इसमाने पॅरिसमध्ये तीन खून केले होते, त्याला मरणाची शिक्षा झाली होती आणि तो पश्चात्ताप करीत नव्हता. तेरेजेने त्याला आपले पहिले लेकरू मानून त्याच्यासाठी प्रार्थना केली. ३१ ऑगस्ट १८८७ रोजी वधस्तंभावर डोके ठेवण्यापूर्वी त्याने धर्मगुरूच्या हातातील क्रूसाचे तीनदा चुंबन घेतले. असा मनुष्यही पित्याचेच लेकरू आहे, हे तिने गृहीत धरले होते.

त्याच वर्षी पेंटेकॉस्टच्या दिवशी संध्याकाळी बागेत तिने बापाजवळ मठात जाण्याची परवानगी मागितली. दोन मुली त्याने आधीच देवाला दिल्या होत्या. आता धाकटी मागत होती, आणि तिचे वय पंधराही नव्हते. दोघे रडली. मग त्याने भिंतीवर उगवलेले एक लहान पांढरे फूल उपटून तिच्या हाती दिले आणि देवाने ते कसे जपले ते समजावून सांगितले. फूल मुळासकट आले होते. तिने ते आपल्या ख्रिस्तानुकरण ह्या पुस्तकात जपून ठेविले. वयाच्या अडचणीमुळे बिशपांकडे, रोमला, प्रत्यक्ष परमगुरू तेरावे लिओ ह्यांच्या पायांपर्यंत ती गेली. तो वृत्तांत सर्वांना ठाऊक आहे म्हणून येथे वाढवीत नाही. ९ एप्रिल १८८८ रोजी तिने कार्मेल मठात पाऊल टाकले. दाराशी ती आशीर्वादासाठी गुडघे टेकून बसली, तेव्हा म्हातारा बापही गुडघ्यांवर आला आणि रडत रडत त्याने तिला आशीर्वाद दिला.

इथपर्यंतची कथा गोड आहे. तसबीर इथपर्यंतच काढतात.

तिला मठात जाऊन तीन महिनेही झाले नव्हते, तोच जूनमध्ये लुई मार्टिन घरातून नाहीसा झाला. चार दिवसांनी तो ल हाव्र बंदरात सापडला. त्याच्या बुद्धीला विकार जडला होता. मधूनमधून तो पूर्ण शुद्धीवर असे. १० जानेवारी १८८९ रोजी तेरेजेने मठवस्त्र परिधान केले, तेव्हा त्याने तिला हाताला धरून वेदीपर्यंत नेले, आणि तिच्या आवडीचा बर्फही त्या दिवशी पडला. पण महिन्याभरात भ्रम इतका वाढला की कोणी शत्रू चाल करून येत आहेत अशा समजुतीने मुलींच्या रक्षणासाठी त्याने पिस्तूल हाती घेतले. १२ फेब्रुवारी १८८९ रोजी त्याला काएन शहरातील बाँ सोव्हर ह्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले. तेथे तो तीन वर्षांहून अधिक काळ होता. मिळकतीच्या व्यवस्थेचा हक्क त्याच्याकडून लिहून घेण्यात आला, तेव्हा आपल्या मुलींचा आपल्यावर विश्वास उरला नाही असे वाटून तो ओक्साबोक्शी रडला.

गावात कुजबुज चालू होती. लाडकी लेक मठात गेली म्हणून बापाला वेड लागले, असे लोक बोलत. आणि ते बोलणे मठाच्या भिंतीतून आत जात असे. सोळा वर्षांच्या मुलीने हे ऐकून घेतले. कार्मेलचा नियम कडक. भेटावयास जाणे अशक्य. १८९० च्या सप्टेंबरात तिने व्रते घेतली आणि काळा बुरखा स्वीकारला. त्या समारंभास बापाला तासाभरासाठी तरी आणावे अशी तिची आशा होती. तीही निष्फळ झाली, आणि त्या दिवशी ती खूप रडली.

आता वाचकांनी विचार करावा. ज्या बापाच्या चेहऱ्यात तिने देवाचा चेहरा पाहावयास शिकले, तोच चेहरा आता ओळख हरवून बसला होता. तेरेजेची देवावरील श्रद्धा केवळ चांगल्या बापाच्या जिवावर उभी असती, तर ती येथे कोसळली असती. ती कोसळली नाही. मात्र ती सोपीही राहिली नाही. सहा-सात वर्षांची असताना, बाप परगावी गेला असता, तिने बागेत त्याच्यासारखीच एक आकृती पाहिली होती: वाकलेली, आणि डोक्यावर जाड फडके ओढून घेतलेली. ती आकृती झाडांमागे गेली आणि कोणाला सापडली नाही. आजारात लुई मार्टिन खरोखरच डोके झाकून घेई. तेव्हा त्या जुन्या दर्शनाचा अर्थ तिला उमगला. यशया संदेष्ट्याने वर्णिलेला, सौंदर्य हरपलेला, तोंड लपविलेला दुःखसेवक तिने पुनःपुन्हा वाचला. येशू बाळ हे नाव तिने आधीच धारण केले होते, त्याला पवित्र मुखाचे हे दुसरे नाव जोडले. बापाचे अपमानित मुख आणि कालवारीवरील पुत्राचे अपमानित मुख तिच्या दृष्टीने एक झाले. पुत्रालासुद्धा पित्याने दुःखातून वगळले नव्हते; मग दुःख म्हणजे पित्याचा राग, हे गणितच चुकीचे ठरते. त्या तीन वर्षांना ती पुढे आपल्या घराण्याची संपत्ती म्हणू लागली. हे शब्द कोणी आरामखुर्चीत बसून लिहिले असते, तर मला त्यांची चीड आली असती. तिने ते रडून झाल्यावर लिहिले.

मठातही तिच्या ह्या विश्वासाला फारसे उत्तेजन मिळत नसे. देवाच्या दयेविषयी तिची मते धीट आहेत असे तिला सांगण्यात येई. १८९१ च्या ऑक्टोबरात प्रू नावाचे एक फ्रान्सिस्कन फादर मौनसाधना देण्यास आले. मोठमोठ्या पाप्यांना उपदेश करण्याबद्दल त्यांची ख्याती होती. कार्मेलच्या भगिनींना त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. एकट्या तेरेजेला झाला. तिच्या लहानसहान चुकांनी देवाला दुःख होत नाही, असे त्यांनी तिला सांगितले. असे काही असू शकते हे तिने पूर्वी कधी ऐकलेच नव्हते. किनाऱ्यावर अडकलेल्या होडीच्या शिडात वारा भरावा तसे तिला झाले. धर्मगुरूच्या एका वाक्याने केवढे काम होते, आणि एका वाक्याने केवढी नासाडी होते, हे दोन्ही ह्या एका चरित्रात दिसते. आम्हां पाद्री लोकांनी ते वर्षातून एकदा तरी वाचावे.

तिच्या विश्वासाची एक गमतीची बाजूही सांगतो. कित्येक वर्षे तिला ध्यानाच्या वेळी झोप येई. तिने ह्याचा बाऊ केला नाही. मूल जागे असो की निजलेले, आईबापांना ते सारखेच प्रिय असते, आणि वैद्यही शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला निजवितातच, असा तिचा युक्तिवाद होता. पहाटेच्या मिस्साला डुलक्या घेणाऱ्या आमच्या आजीबाईंना मी हा युक्तिवाद सांगतो. तरुणांना सांगत नाही.

१० मे १८९२ रोजी लुई मार्टिनला लिझ्यूला परत आणले. पाय लुळे पडले होते, वाचा जवळजवळ गेली होती. दोन दिवसांनी त्याला मठाच्या भेटीच्या खोलीत आणले. तिन्ही मुलींना त्याने शेवटचे पाहिले आणि निघताना बोट वर करून स्वर्गातील भेटीची खूण केली. २९ जुलै १८९४ रोजी तो वारला. त्याची शुश्रूषा केलेली सेलीन सप्टेंबरात मठात आली, आणि येताना जुन्या करारातील उतारे लिहिलेली एक वही घेऊन आली. त्या वहीत तेरेजेला दोन वचने सापडली. एक नीतिसूत्रांतील, लहानग्यांना जवळ बोलाविणारे. दुसरे यशयाचे, आई जशी लेकराला मांडीवर खेळविते तसा देव आपल्या लोकांचे सांत्वन करील असे सांगणारे. ह्या दोहोंवरून तिची लहान वाट ठरली. त्या काळी युरोपातील श्रीमंतांच्या घरी माणसांना वर नेणारे पाळणे नुकतेच आले होते, ज्यांस आपण लिफ्ट म्हणतो. पूर्णतेचा जिना चढण्याचे बळ आपल्यात नाही, तर येशूचे बाहूच आपला पाळणा, आणि त्यासाठी मोठे व्हावयास नको, लहानच राहिले पाहिजे, असे तिने ओळखले. पित्याचे प्रेम सांगण्यासाठी शास्त्र आईची उपमा देते, ही गोष्ट तिने अचूक हेरली. ज्याला बाप ह्या शब्दाने दुखावले जाते, त्याच्यासाठी शास्त्रातच दुसरा दरवाजा ठेविलेला आहे.

त्याच सुमारास मठाधिकारिणी झालेल्या पोलीनच्या आज्ञेवरून तिने आपल्या आठवणी लिहिण्यास आरंभ केला. त्यांत एक दृष्टांत आहे. एका वैद्याचा मुलगा वाटेत दगडाला अडखळून पडला आणि बापाने त्याला बरे केले, तर मुलगा कृतज्ञ राहील. परंतु बापाने आधीच जाऊन, कोणाला न सांगता, तो दगडच वाटेतून काढला, तर मुलाला ते कळणारही नाही. पण ज्या दिवशी कळेल त्या दिवशी तो बापावर अधिकच प्रेम करील. ती स्वतःला हा दुसरा मुलगा समजे. आपण मोठ्या पापांतून वाचलो ते आपल्या गुणांनी नव्हे, कोणी पुढे जाऊन दगड उचलले म्हणून, असे तिला वाटे. ९ जून १८९५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या सणाच्या दिवशी, तिने स्वतःचे अर्पण केले. त्या काळी काही धर्मशील भगिनी देवाच्या न्यायाला स्वतःला बळी म्हणून वाहत असत, म्हणजे पाप्यांची शिक्षा आपल्यावर यावी. तेरेजेने त्यांचा मान राखला, आणि स्वतःला देवाच्या दयाळू प्रेमाला वाहिले.

१८९६ च्या गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री तिला रक्ताची पहिली गुळणी आली. क्षयरोग होता. ईस्टरच्या दिवसांत दुसरा आजार सुरू झाला, तो मनाचा. स्वर्ग आहे ही तिची लहानपणापासूनची खात्री दाट धुक्यात बुडाली. मेल्यावर काही नाही, केवळ शून्याची रात्र आहे, असे कोणी तिच्या कानात सांगे. हे मरणापर्यंत दीड वर्ष चालले. त्या अंधारात ती देवाशी पित्यासारखीच बोलत राहिली. मन अगदी कोरडे पडले म्हणजे ती आमच्या बापाची प्रार्थना अगदी सावकाश म्हणे, आणि तेवढ्याने तिचे पोषण होई. एकदा सेलीन तिच्या खोलीत गेली, तो ती शिवणकाम करीत होती आणि ध्यानात हरवली होती. विचारले तेव्हा कळले की ती आमच्या बापाच्या प्रार्थनेवर चिंतन करीत होती. देवाला बाप म्हणावयास मिळणे किती गोड, असे म्हणताना तिचे डोळे भरून आले. शेवटच्या आजारात एकदा देवाविषयी बोलताना तिच्या तोंडून चुकून घरच्या बापाला मारावयाची लाडकी हाकच निघून गेली. जवळच्या भगिनी हसल्या. तिने मात्र चूक मागे घेतली नाही. हाच आपला खरा बाबा, असे तिने गहिवरून सांगितले.

३० सप्टेंबर १८९७ रोजी सायंकाळी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तिने देह ठेविला. पुढील वर्षी तिच्या आठवणींच्या दोन हजार प्रती छापल्या, आणि त्या पुस्तकाने जग जिंकले. १७ मे १९२५ रोजी तिला संतपद मिळाले. १९२७ मध्ये, कधीही मठाबाहेर न पडलेल्या ह्या मुलीला, ज्यांचे शरीर आपल्या गोव्यात विसावले आहे त्या संत फ्रान्सिस झेवियरच्या जोडीने सर्व मिशनांची आश्रयदाती नेमले. १९९७ मध्ये ती ख्रिस्तसभेची आचार्या झाली. कोलकात्याच्या मदर तेरेसांनी आपले नाव घेतले ते हिचेच. आणि १८ ऑक्टोबर २०१५ रोजी रोममध्ये लुई व झेली मार्टिन ह्या दांपत्यालाही संतपद देण्यात आले. ज्याला गावाने वेडा म्हटले, त्याच्या नावाने आज वेदीवर मिस्सा होते.

मागे ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर राहिले. तेरेजेला ज्या दोन मिशनरींसाठी प्रार्थना करण्याचे काम सोपविले होते, त्यांपैकी एक मोरिस बेलियेर हा सेमिनरीतील तरुण होता. जन्मताच त्याची आई वारली. बापाने त्याला मावशीच्या हवाली केले आणि पुन्हा त्याची चौकशी केली नाही. बाप कसा असतो हे ह्या मुलाला ठाऊक नव्हते. तो आपल्या जुन्या पापांच्या आठवणीने घाबरे, आणि तेरेजा स्वर्गात गेल्यावर तिला आपले सर्व दोष दिसतील ह्याचीही त्याला धास्ती वाटे. १८९७ च्या जुलैत, हातात लेखणी धरवत नव्हती अशा स्थितीत, तिने त्याला एक दृष्टांत लिहून पाठविला. एका बापाची दोन खट्याळ मुले होती. शिक्षा करावयास बाप येतो आहे असे पाहून एक जण थरथर कापत पळाला. दुसरा धावत येऊन त्याच्या गळ्यात पडला, चुकलो म्हणाला, पुन्हा चांगले वागेन म्हणाला, आणि मग शिक्षा म्हणून एका पाप्याची मागणी करू लागला. तो पुन्हा दहादा चुकेल हे बापाला पक्के माहीत आहे. तरी तो त्याला क्षमा करतो, कारण मुलाने प्रत्येक वेळी त्याच्या हृदयालाच हात घातलेला असतो. पहिल्या मुलाविषयी तिने काही लिहिले नाही. मोरिसला तो कोण हे कळण्यासारखेच होते.

त्याच वर्षी तो आफ्रिकेकडे निघाला. १९०१ मध्ये त्याला गुरुदीक्षा मिळाली, आणि आज ज्या देशाला मलावी म्हणतात तेथे त्याने सेवा केली. तेथील आजाराने त्याचे शरीर व बुद्धी दोन्ही खचली; वरिष्ठांची परवानगी न घेताच तो फ्रान्सला परतला. शेवटी त्याला ज्या इस्पितळात ठेवले ते काएन शहरातील बाँ सोव्हर, जेथे लुई मार्टिनने तीन वर्षे काढली होती. १४ जुलै १९०७ रोजी, तेहेतीस वर्षांचा असताना, तो तेथेच वारला.